थॉमसचे ते आठ दिवस



पास्काची मेणबत्ती वेदीजवळ अजून नवीन आहे. ईस्टरचे आल्लेलुया आपल्या कानांत घुमत आहे आणि लगेच दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्यासमोर कोणाला आणून उभे करते? ज्याने पुनरुत्थानाची बातमी ऐकून साफ मान हलवली, त्या थॉमसला! आपल्या उपासनेतील रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. परंतु या रविवारी मात्र तिन्ही वर्षी एकच शुभवर्तमान वाचले जाते, ते म्हणजे योहानच्या विसाव्या अध्यायातील थॉमसची हकिगत. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली या रविवाराला दैवी दयेचा रविवार असे नाव दिले. पौर्वात्य ख्रिस्तसभांमध्ये मात्र तो पूर्वीपासून थॉमसचा रविवार म्हणूनच ओळखला जातो. आम्हांला वाटते की ही दोन्ही नावे एकमेकांना शोभणारी आहेत. कारण संशयात सापडलेल्या माणसाला दयेची जितकी गरज असते, तितकी क्वचितच कोणाला असेल.

बिचाऱ्या थॉमसवर आपण थोडा अन्यायच केला आहे. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, पण त्याला कोणी ‘नाकारणारा पेत्र’ म्हणत नाही. बाकीचे शिष्य गेथशेमनी बागेतून पळून गेले, त्यांनाही कोणी ‘पळपुटे’ म्हणत नाही. थॉमसच्या कपाळावर मात्र ‘संशयी’ हा शिक्का कायमचा बसला. याच योहानच्या शुभवर्तमानात तो आधी दोनदा भेटतो, ते आपण विसरतो. लाजरस वारला तेव्हा येशू यहूदियात परत जायला निघाला. तेथे लोक त्याला दगडमार करायला टपले होते. शिष्य कचरले. अशा वेळी, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असे इतरांना सांगणारा थॉमसच होता. पुढे शेवटच्या भोजनाच्या वेळी, आपण कोठे जाणार तो मार्ग तुम्हांला ठाऊक आहे, असे प्रभू म्हणाला. तेव्हा सगळे मान डोलावत बसले असताना, आम्हांला तो ठाऊक नाही, असे सरळ सांगणाराही तोच. म्हणजे थॉमस भित्रा नव्हता आणि ढोंगीही नव्हता. समजले नाही तर समजले नाही असे म्हणणारा, आणि प्रेम केले तर जिवावर उदार होऊन करणारा असा तो माणूस होता. अशा माणसाचा गुरू क्रुसावर गेला म्हणजे त्याच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना करा. ज्याने सर्वस्व पणाला लावले त्याचेच सर्वस्व जाते. ‘आम्ही प्रभूला पाहिले’ हे वाक्य ऐकून त्याला आनंद झाला नाही, वेदना झाली. पुन्हा एकदा आशा धरायची आणि पुन्हा एकदा फसायचे, एवढे बळ त्याच्यात उरले नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती जण आज याच अवस्थेत आहेत! आईच्या आजारपणात नऊ दिवसांचा नोव्हेना मनापासून केला आणि आई गेली. लग्नाला दहा वर्षे झाली, पाळणा हलला नाही. मुलाने कर्ज काढून शिक्षण घेतले आणि नोकरी लागत नाही. परदेशी गेलेल्या लेकाचे पुढच्या वर्षी काय होईल, माहीत नाही. वाडी विकावी की राखावी यावरून भावाभावांत बोलणे बंद झाले आहे. अशी माणसे रविवारी मिस्साला येतात, श्रद्धांगीकारासाठी सर्वांबरोबर उभी राहतात, ओठ हलतात, पण आतून प्रश्न उठतो की हे सर्व खरे आहे का? आणि त्याहून मोठी भीती वाटते ती ही, की माझ्या मनात असा प्रश्न येतो हे शेजाऱ्याला कळले तर तो काय म्हणेल?

म्हणूनच आज आम्हांला शुभवर्तमानातल्या एका छोट्याशा वाक्यापाशी थांबायचे आहे. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थॉमस त्यांच्याबरोबर होता, असे योहान लिहितो. आपण हे वाक्य घाईघाईने ओलांडून पुढे जातो, कारण आपल्याला येशूचे दर्शन ऐकायचे असते. पण त्या आठ दिवसांचा विचार करा. दहा जण आनंदात आहेत आणि अकरावा म्हणतो की माझा विश्वास नाही. रोज एकाच घरात उठणे, बसणे, जेवणे. त्या दहांनी त्याला घराबाहेर काढले नाही. ‘तू आता आमच्यातला नाहीस’ असे म्हटले नाही. आणि थॉमसनेही आपले गाठोडे बांधून गालीलचा रस्ता धरला नाही. त्याला विश्वास ठेवता येत नव्हता, तरी विश्वास ठेवणाऱ्यांची संगत त्याने सोडली नाही. प्रभू पुन्हा आला तो कोठे आला? थॉमस एकटा कोठेतरी रानात भटकत असताना नव्हे, तर त्याच घरात, त्याच मंडळींमध्ये! पहिल्या रविवारी तो त्यांच्यात नव्हता, म्हणून त्याचे दर्शन चुकले. दुसऱ्या रविवारी, मनात संशय असूनही, तो त्यांच्यात होता.

आणखी एक गोष्ट. पहिल्या रविवारी दारे बंद होती, कारण शिष्य घाबरलेले होते. ठीक आहे. पण त्या संध्याकाळी पुनरुत्थित प्रभू त्यांना भेटला, त्याने शांती दिली, त्यांच्यावर फुंकर घालून पवित्र आत्मा दिला. मग आठ दिवसांनी दारे उघडी असायला हवी होती की नाही? योहान सांगतो, दारे तेव्हाही बंदच होती! ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, ज्यांच्या मनात संशय नव्हता, त्यांचीही भीती एका दर्शनाने गेली नव्हती. विश्वास आणि धास्ती एकाच खोलीत, एकाच माणसात राहू शकतात. २०२० सालच्या ईस्टरला आपली चर्चेस बंद होती आणि आपणही आपापल्या घरांची दारे लावून बसलो होतो, ते दिवस आठवा. तेव्हा आपण सर्वच जण त्या खोलीत होतो. आपल्यातील कितीतरी घरांनी त्या काळात माणसे गमावली आणि त्यांच्या अंत्यविधीला चार-दोन जणांपलीकडे कोणाला जाता आले नाही. त्या जखमा काही घरांत अजून ओल्या आहेत. मात्र बंद दारे प्रभूला अडवू शकली नाहीत, हेही योहानने दोन्ही वेळा नोंदवले आहे. ‘आधी भीती घालवा, दार उघडा, मग मी येतो’ अशी अट त्याने घातली नाही.

आता कोणी विचारील, म्हणजे संशय घेणे हे पाप नाही का? धर्मग्रामात हा प्रश्न पुष्कळ जण दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने यात नीट फरक केला आहे. एक संशय बुद्धिपुरस्सर असतो. देवाने प्रकट केलेले सत्य जाणूनबुजून दूर लोटायचे, ऐकूनच घ्यायचे नाही, शोधायचेच नाही. दुसरा संशय आपोआप येतो. विश्वास ठेवताना मन अडखळते, शंकांचे उत्तर सापडत नाही, श्रद्धेचा अंधुकपणा छातीवर दडपण आणतो. पहिला विश्वासाविरुद्धचा अपराध आहे. दुसरा मात्र वाटेतला काटा आहे. काटा रुतला म्हणजे चालणारा पापी ठरत नाही. अर्थात तो काटा मुद्दाम जोपासत बसलो तर जखम चिघळते, हेही त्याच ग्रंथात सुचवले आहे. एकोणिसाव्या शतकातील महान विचारवंत संत जॉन हेन्री न्यूमन यांनी तर सांगून ठेवले आहे की अडचणी कितीही हजार असल्या तरी त्यांची बेरीज केल्याने संशय तयार होत नाही. गणिताचे उदाहरण सुटत नाही म्हणून उत्तर अस्तित्वातच नाही असे हुशार विद्यार्थी समजत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानचेच पाहा ना! यार्देन नदीकाठी त्याने येशूकडे बोट दाखवून देवाचा कोकरा म्हणून त्याची ओळख करून दिली होती. पुढे हेरोदाने त्याला तुरुंगात टाकले. अंधारकोठडीत बसलेल्या योहानने आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवून विचारले, की जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? केवढा हा प्रश्न! ज्याने आयुष्यभर साक्ष दिली तोच विचारतो आहे. काही धर्मपंडितांनी योहानची बाजू सावरण्यासाठी असे म्हटले आहे की त्याने केवळ शिष्यांच्या समाधानासाठी हा प्रश्न विचारला. असेलही. पण आम्हांला तो कोठडीतला योहान अधिक जवळचा वाटतो. येशूने त्याला कसे उत्तर दिले? रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितले जाते, हे जे तुम्ही पाहता ते जाऊन त्याला सांगा, एवढेच म्हणाला. आणि शिष्यांची पाठ वळताच लोकांसमोर योहानची जी स्तुती केली, तशी शुभवर्तमानात दुसऱ्या कोणाची क्वचितच आढळेल. प्रश्न विचारणाऱ्याची किंमत प्रभूच्या दृष्टीने तसूभरही कमी झाली नाही. कोठडीचे दार मात्र उघडले नाही. योहानला तेथेच मरण आले. हेही आपण लपवून ठेवू नये.

संतांचे जीवन म्हणजे सतत प्रकाशच प्रकाश, असा आपला समज असतो. आपल्या चर्चमधील मूर्ती आणि घरातील तसबिरी पाहून तो आणखी पक्का होतो. लिझ्यूची संत तेरेजा हातात गुलाब घेऊन किती प्रसन्न दिसते! पण १८९६ सालच्या पवित्र सप्ताहात तिला प्रथम रक्ताची उलटी झाली आणि त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनावर असा काळोख पसरला की स्वर्ग आहे, हेच तिला जाणवेनासे झाले. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली, तोपर्यंत तो काळोख हटला नाही. तिने काय केले? श्रद्धांगीकार आपल्या रक्ताने लिहून काढला आणि तो कागद उराशी बाळगला. भावना साथ देईनात, तेव्हा तिने इच्छेने विश्वास ठेवला.

आणि आपल्या कोलकात्याच्या संत मदर तेरेसा! १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना प्रभूची हाक आली. १९५० साली त्यांचा संघ स्थापन झाला. सारे जग त्यांचे हास्य पाहत होते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने बाहेर आली आणि जग चकित झाले. ज्या देवासाठी त्यांनी सर्व सोडले, त्याचे सान्निध्य त्यांना जवळजवळ पन्नास वर्षे जाणवतच नव्हते. १९५८ साली, पोप बारावे पायस यांच्या निधनानंतर, थोड्या आठवड्यांपुरता प्रकाश मिळाला. मग पुन्हा तोच काळोख. ही पत्रे जाळून टाकावीत अशी त्यांची विनंती होती. ती पाळली गेली नाही, याबद्दल आम्ही तर देवाचे आभारच मानतो. तेव्हा काही वृत्तपत्रांनी, मदरचा देवावर विश्वासच नव्हता, असे मथळे दिले. हे लिहिणाऱ्यांनी पत्रे धड वाचली नसावीत. जिचा विश्वास नाही ती बाई पन्नास वर्षे कोणाच्या न येण्याबद्दल रडेल? आवडते माणूस घरी येत नाही म्हणून जी दारात उभी असते, तिला त्या माणसावर प्रेम नाही असे आपण म्हणतो का? १९६१ च्या सुमारास फादर जोसेफ नॉयनर या येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांना समजावले, की हा काळोख त्यांच्या कार्याचाच एक भाग आहे. नकोशा झालेल्या माणसांची सेवा करणारीला, नकोसे होणे म्हणजे काय हे आतून भोगावे लागते आहे. काळोख गेला नाही, पण त्या दिवसांपासून त्यांना तो आपलासा करता आला. रोज पहाटे प्रार्थना, मिस्सा, आणि मग रस्त्यावर पडलेल्या माणसांकडे. कार्यक्रम चुकला नाही. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले, तेव्हा ती पत्रे पोप महोदयांच्या समोर होतीच.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याचीही या ठिकाणी आठवण होते. त्याची गोष्ट काळोखाची नाही, नकाराची आहे. तरुणपणीच तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथली भाषा शिकला, वर्षानुवर्षे धर्मशिक्षक म्हणून राबला. संघात प्रवेश मिळावा एवढीच त्याची आस होती. तो मिळाला नाही. ज्या घरात सेवा केली त्या घराने आपले म्हटले नाही, याहून मोठी असुरक्षितता कोणती? तो व्यापारात पडला, पैसाही मिळवला. तेथेच त्याची कथा संपायला हरकत नव्हती. परंतु तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला. जी जपानी भाषा त्याने नकाराच्या त्या वर्षांत आत्मसात केली होती तीच कामी आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवले गेले, त्यांत आपला गोन्सालो होता. आपल्या तरुणांना कोठे मुलाखतीत नकार मिळतो, कोठे मागणीला नकार येतो, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी गासच्या या संताचे नाव जरूर घ्यावे. पण ‘बघ, शेवटी त्याला संतपद मिळाले’ असे सांगून नव्हे. मधल्या वर्षांत त्याला ते ठाऊक नव्हते, हे सांगून.

आता थोडे आपल्या वागण्याबद्दल. दुःखाच्या घरी आपण सांत्वनाला जातो आणि कधी कधी असे काही बोलून येतो की ते घर महिनोन्‌महिने सावरत नाही. ‘तुमचा विश्वास कमी पडला’, ‘नीट प्रार्थना केली असती तर मूल वाचले असते’. हे वाक्य कोणत्या शुभवर्तमानात आहे? गेथशेमनी बागेत प्रभूने स्वतः केलेली विनंती, तो प्याला दूर व्हावा ही, मान्य झाली नाही. मग त्याचाही विश्वास कमी पडला असे म्हणायचे का? कृपा करून असे बोलू नये. बोलायला काही सुचले नाही तर हात धरून बसावे, नाहीतर स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासावीत. त्या दहा शिष्यांनी थॉमसला वादात हरवले नाही. ते त्याच्याबरोबर राहिले. तसेच मोबाईलवर येणारे ते संदेश! ‘ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल, नाही पाठवली तर संकट येईल.’ धास्तावलेल्या मनाला हे पटते, कारण त्यात काहीतरी केल्यासारखे वाटते. पण ही प्रार्थना नव्हे, हा धाक आहे. देव धाकाने राज्य करीत नाही. भविष्य पाहायला, अंगठीतला खडा बदलायला जाणाऱ्यांची पावलेही अशीच भीतीने वळतात. त्यांची चेष्टा न करता, ती भीती घेऊन आपल्या धर्मगुरूंकडे या, असे आम्ही प्रेमाने सांगतो. पापनिवेदनाच्या वेळी केवळ पापेच सांगावीत असा नियम नाही. ‘फादर, मला प्रार्थना करवत नाही’ हे वाक्यही तेथे चालते.

आपल्या जुन्या लोकांना बावखल माहीत आहे. मे महिन्यात त्याचे पाणी खाली जाते, तळ दिसू लागतो. पूर्वीचा वाडीवाला पाणी आटले म्हणून बावखल बुजवत नसे. उलट त्याच वेळी तो गाळ काढायचा. (आज आपण बावखले बुजवून टाकतो आणि मग विहिरीला पाणी का नाही म्हणून विचारतो, तो विषय वेगळा.) प्रार्थनेत कोरडेपणा आला, मनात शंका उठल्या, की रविवारची मिस्सा आणि रात्रीची जपमाळ आधी बंद करायची, हे त्या बुजवण्यासारखेच आहे. अशा काळात लांबलचक प्रार्थना नको. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर, अशा अर्थाचे तो एका दमात बोलून जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही एकाच श्वासात. आणि प्रभूने त्याचे मूल बरे केले. विश्वास पूर्ण शंभर टक्के होईपर्यंत थांबवले नाही.

शेवटी त्या जखमांकडे येऊ. थॉमसने खूण मागितली ती कोणती? तेजस्वी चेहरा नव्हे, देवदूत नव्हेत. खिळ्यांचे व्रण मागितले. ज्याला दुःख झाले आहे त्याला जखमा नसलेला देव ओळखीचाच वाटत नाही, हे थॉमसला आपल्यापेक्षा अधिक कळले होते. आणि प्रभूने ते व्रण पुनरुत्थित शरीरावर जपून ठेवले होते. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचे चारशे वर्षांपूर्वीचे एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यात थॉमस येशूच्या कुशीतील जखमेत बोट घालताना दाखवला आहे. पण योहानचे शुभवर्तमान पुन्हा काळजीपूर्वक वाचा. थॉमसने बोट घातले असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. प्रभूने बोलावले, हात पुढे केले, आणि थॉमसने त्याला आपला प्रभू आणि आपला देव म्हणून हाक मारली. योहानच्या शुभवर्तमानात कोणा शिष्याने येशूला इतक्या उघडपणे देव म्हटल्याचे दुसरे उदाहरण नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी म्हणूनच प्रवचनात सांगत, की इतरांच्या विश्वासापेक्षा थॉमसच्या अविश्वासाचा आपल्याला अधिक उपयोग झाला.

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेक जण मिस्सामध्ये धर्मगुरू पवित्र भाकर उंच करतात तेव्हा मान खाली न घालता तिच्याकडे पाहतात आणि थॉमसचे ते शब्द हळूच पुटपुटतात. संत पोप दहावे पायस यांनी १९०७ साली या प्रथेला विशेष उत्तेजन दिले होते. हल्लीच्या मुलांना ती फारशी माहीत नाही. आज घंटा वाजेल तेव्हा आपल्या शेजारी बसलेल्या आजीच्या ओठांकडे जरा पाहा. आणि ज्यांना आज तेही शब्द उच्चारवत नाहीत त्यांनी नुसते पाहावे, बाकीचे म्हणत आहेत.